तिरप्या अक्षरांचं गाव

सारसोळ्याच्या जेट्टीवर परवा हिराजीने विचारलं,
"आयर्लंडला गेलतास, काय बगलास?"
मी म्हटलं, उघाडी बघितली.
तो जाळ्यातून डोकं वर न काढता हसला.
एवढं विमानभाडं भरून उघाडी?

गाव लहान. मोठा रस्ता एकच, त्याला दोन टोकं.
तीस वर्षं सिडकोत मोजणीची साखळी धरली,
आता पावलं मोजल्याशिवाय चालताच येत नाही मला.
दगडी वेशीपासून कालव्याच्या पुलापर्यंत सहाशे चाळीस.
परतताना सहाशे साठ,
कारण तेवढ्यात हर्षालीचं कॉलेज सुटलं
आणि पोरांना वाट देत देत मी कडेकडेने आलो.

कॉलेजच्या दारातच एक पडका किल्ला.
आत गवत, भिंतीवर कावळे, आपल्यासारखेच काळे,
आणि एफएसआय विचारणारं कुणी नाही.
मी बराच वेळ उभा राहिलो.
हर्षाली म्हणाली, बाबा, चला ना, रोजचंच आहे ते.
रोजचं तिचं. मला मात्र चारच दिवस.

गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही.
पाटीवर ते दोनदा लिहिलेलं:
खाली ठळक, ताठ,
वर बारीक, तिरपं, वाऱ्याने कललेल्या भातासारखं.
"वरचं कोण बोलतं?"
"शाळेत शिकतात. मग बरेचजण विसरतात.
पण पाटीवर तेच आधी येतं."

तिसऱ्या दिवशी तिला लेक्चर होतं,
मी एकटाच कालव्यावर गेलो.
भरती ठाऊक नसलेलं पाणी. ओहोटीही नाही.
इतकं गप्प पाणी बघून आधी भीतीच वाटली.
मग एक लांबुडकी होडी आली,
एका म्हाताऱ्याने पाठ लावून लाकडी दार रेटलं,
आणि पाणी, जिना चढावा तसं, होडीला घेऊन वर आलं.
मी ओरडलोच: उघाडी!

तो वळला. मी हातवारे केले:
बांध, खार, भरतीला दार बंद, ओहोटीला उघडं,
माझा बाप रात्री कंदील घेऊन जायचा.
त्याला काय कळलं कोण जाणे.
त्याने पाण्याकडे बोट दाखवलं, म्हणाला, "ईश्का."
मी म्हटलं, "पानी."
त्याने माझा शब्द दोनदा घोळवला, मी त्याचा.
मग तो थर्मासमधला चहा प्याला, मलाही दिला.
साखर नव्हती.

निघायच्या आदल्या रात्री हर्षाली भाड्याचा हिशेब करत बसली होती.
परत येशील का, हे ओठांवर आलं.
मी विचारलं, मोजे पुरतात का तुला?

आता इकडे, सेक्टर सहा.
पंपहाऊसची भिंत, जिमचा बोर्ड, गेटवर नवीन वॉचमन.
जिथे तो खुर्ची टाकून बसतो तिथे मोठी उघाडी होती,
पलीकडे तिवरांची खार, मग बायजीचं शेत,
चिंबोऱ्या धरताना माझ्या आईचं पैंजण जिथे रुतलं तो खळगा.
सगळं मोजलं गेलं तेव्हा
साखळीचं एक टोक माझ्याच हातात होतं.
आकडा बरोबर आला होता.
साहेबांनी शाबासकी दिली होती.

काल नातवाचा खडू घेतला
आणि भिंतीवरच्या आकड्याच्या वर,
बारीक, तिरप्या अक्षरांत, लिहिलं.
हात कापत होता, त्यामुळे जरा जास्तच तिरपं आलं.
वॉचमन उठून बघून गेला. त्याला वाचता येईना.
"चाचा, ये किसका नाम है?"

हिराजीला हे काही सांगितलं नाही.
त्याला एवढंच हवं होतं,
तिकडे बोंबील मिळतात का, आणि काय भावाने.
ते बघायचं मी साफ विसरलो.